हद्दा मावशीची तार आणि ओली लोकर

हद्दा मावशी लोकर पिंजायला बसली की गल्लीतून जाणाऱ्याला न बघता कळायचं. लोखंडी दातांच्या दोन फण्या एकमेकींवर घासल्याचा खर्रखर्र आवाज, आणि त्याच्यावर चढलेला तिचा आवाज. ती लोकरीशी बोलायची, फण्यांशी बोलायची, मेलेल्या नवऱ्याशीही बोलायची. तिच्याच म्हणण्याप्रमाणे त्या तिघांत ऐकून घेणारी फक्त लोकर होती.

वाळवंटाच्या काठावरच्या आमच्या नेफ्ता गावात तिच्यासारखा बुरनूस विणणारी दुसरी बाई नव्हती. तिनं विणलेला तो टोपीचा झगा अंगावर असला की हिवाळ्यात मिठागरावरून येणारं वारंसुद्धा वळसा घालून जातं, असं लोक म्हणत. मी तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती, आणि मावशीच्या तोंडापुढे तिचा काही उपयोग नव्हता. चौऱ्याहत्तर साली मी चोवीस वर्षांची होते, शाळेत शिकवायला नुकतीच लागले होते. मावशीची पत्रं वाचणं आणि लिहिणं हे काम माझ्याकडे आपोआप आलं. तिला अक्षर येत नव्हतं. "मला लोकर वाचता येते, तेवढं बास," म्हणायची.

तिचा एकुलता एक मुलगा लमीन उत्तर फ्रान्समध्ये कोळशाच्या खाणीत होता. आधीच्या उन्हाळ्यात तो आला तो काखेत रेडिओ घेऊन. लाकडी पेटी, पांढरी बटणं, बॅटरीवर चालणारा. जाताना बायकोला, सालहाला, बरोबर घेऊन गेला आणि आईकडे रेडिओ ठेवून गेला. मावशी म्हणायची, "सून नेली आणि पेटी दिली. पेटी उलट बोलत नाही एवढाच फायदा."

जायच्या आधी लमीननं गच्चीपासून मागच्या बागेतल्या उंच खजुरापर्यंत तांब्याची उघडी तार ताणली होती. दोन्ही टोकांना बाटल्यांच्या मानेचे काचेचे तुकडे बांधले होते, म्हणजे तार कुठे भिंतीला किंवा झाडाला टेकू नये. तिथून एक फाटा खिडकीतून आत रेडिओला. ती तार असल्यावर शॉर्टवेव्हवर पॅरिसचं केंद्र असं लागायचं की बोलणारा आपल्याच अंगणात बसलाय. दर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता तिथून आपल्या भाषेत एक कार्यक्रम लागे. परदेशात राबणाऱ्या लोकांचे निरोप, कोणाचा सलाम, कोणाची आठवण.

फेब्रुवारीत लमीनचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं. सालहाचे दिवस भरत आले होते. रेडिओचे लोक मार्चअखेर त्यांच्या वस्तीत येऊन प्रत्येकाचा आवाज टेपवर घेणार होते. 'बाळाची बातमी मी माझ्या तोंडानं देईन, आई. कुठल्या शुक्रवारी लावतील ते मात्र मला सांगता येत नाही. एप्रिलमधला एकही शुक्रवार चुकवू नकोस.'

"मी चुकवते होय?" मावशी म्हणाली. "मेले तरी शुक्रवारी पाचनंतर मरीन."

पण एप्रिल हा आमच्याकडे शहीलीचा महिना. दक्षिणेकडून ते कोरडं, तापलेलं वारं सुटलं की वाळू अशी उडते की समोरच्या घराचं दार दिसत नाही. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी ते पहिल्यांदा सुटलं. कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता. आधी रेडिओतून कोणी परातीत धान्य ओतल्यासारखा आवाज यायला लागला. मग मधेच चट् चट् असे फटके. मावशीला वाटलं तार सैल झाली असेल. तिनं फाट्याच्या टोकाला हात लावायला आणि निळसर ठिणगी उडायला एकच गाठ पडली. मावशी दोन पावलं मागे फेकली गेली, लोकरीच्या ढिगात बसली, आणि रेडिओ मुका झाला.

"चावली!" ती हात झटकत म्हणाली. "मबरूके, तार चावली गं मला!"

दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी जवळच्या तोझरहून तिजानी उस्ताद येत असे. खमीसच्या कॉफीच्या दुकानात कोपऱ्यात बसून तो लोकांचे रेडिओ दुरुस्त करी. बारीक मिश्या, कानावर स्क्रूड्रायव्हर, आणि बोलणं असं की जणू विजेचा शोध त्याच्या आजोबांनी लावला. त्यानं पेटी उघडून पाहिली आणि म्हणाला, "दारातला पहिला ट्रान्झिस्टर जळलाय. आवाज जिथून आत येतो तिथला." नवा घातला. रेडिओ बोलायला लागला.

पुढच्या शुक्रवारी वारा पडलेला होता. मावशीनं सगळा कार्यक्रम पेटीला कान लावून ऐकला. लमीनचा निरोप आला नाही. त्यानंतरच्या मंगळवारी पुन्हा शहीली. या वेळी रेडिओ बंदच होता, कोणी हातही लावला नव्हता, तरी सकाळी लावून पाहिला तर मुका.

गुरुवारी आम्ही दोघी पेटी घेऊन खमीसच्या दुकानापाशी गेलो. तिजानीनं पुन्हा तोच भाग बदलला आणि मान हलवली.

"हद्दाबाई, किती वेळा सांगू? वारा सुटला की तार काढून बाहेर टाकायची. वाळूचा कण न् कण तारेला घासतो, तारेवर वीज साचत जाते. तिला जायला वाट मिळत नाही, मग ती तुझ्या सेटमधून जाते."

"तार काढली तर पॅरिस लागतं का?"

"नाही लागत."

"मग? उद्या शुक्रवार आहे आणि आकाश बघ कसं पिवळं झालंय. वाऱ्याला सांगू का, बाबा, शनिवारी ये म्हणून?"

"मी काय करू त्याला?"

"तू उस्ताद ना? त्या साचलेल्या विजेला दुसरी वाट काढून दे."

आजूबाजूला कॉफी पीत बसलेले हसायला लागले. तिजानीला ते लागलं. "हे विजेचं काम आहे, बाई. लोकरीचं नव्हे."

मावशीनं पेटी काखेत मारली आणि घरची वाट धरली. दारात पोचल्यावर थांबली आणि म्हणाली, "लोकरीचंच काम आहे, मबरूके."

"म्हणजे?"

"शहीलीच्या दिवसांत लोकर पिंजताना काय होतं? प्रत्येक केस ताठ उभा राहतो. फणीला बोट लावलं की चटका. माझ्या आजीनं काय शिकवलं होतं? जमिनीवर पाणी शिंपड, उघडा पाय ओल्यावर ठेव, मग पिंज. लोकर गरीब गाय होते. आता सांग, फणीनं लोकर घासली काय आणि वाळूनं तार घासली काय, फरक काय त्यात?"

शाळेत मीच मुलांना कंगव्यानं कागदाचे कपटे उचलून दाखवत होते, पण हे डोक्यात आलं नव्हतं.

ती लगेच कामाला लागली. तंबूची एक लोखंडी मेख अंगणात वाळूत ठोकली, आणि तारेपासून मेखेपर्यंत दुसरी तार बांधली. वारं वाढत होतंच. तिनं बोटाचं पेर हळूच तारेजवळ नेलं. चट्!

"अगं आई!"

"मावशी, कोरड्या वाळूतून वीज जात नाही," मी म्हणाले. "पाय ओला ठेवायचा ना?"

तिनं डोळे मोठे केले. "बघ! शाळेचा पगार फुकट नाही जात."

अंगणाच्या कोपऱ्यात पाण्याचा मोठा मातीचा रांजण होता. तो बारा महिने पाझरायचा, आणि त्याच्याखालच्या ओलीत पुदिना माजला होता. मावशीनं मेख उपटली आणि पुदिन्याच्या मधोमध ठोकली. पुन्हा पेर तारेजवळ नेलं. काही नाही. गालावर तार टेकवली. काही नाही! ती टाळी वाजवून नाचलीच. मग आम्ही आत जाऊन रेडिओ लावला. चटका नाही, खडखड नाही, आणि पॅरिसही नाही. नुसती फुसफुस.

मावशी डोक्याला पदर गुंडाळून त्या वाऱ्यात बाहेर पडली आणि तिजानीला दुकानातून उठवून घेऊन आली. तोंडाला फडकं बांधून तो आला, मेख बघितली, तार बघितली आणि पोट धरून हसला.

"हद्दाबाई, बागेत उंट शिरतात म्हणून तू पाण्याचा पाटच दुसरीकडे वळवलास! उंट गेले खरे, पण बागही वाळली. अगं, पॅरिसचा आवाज त्याच तारेवरून येतो. सोपी वाट दिसली की तोही जमिनीत जाणार, तुझ्या सेटकडे कशाला येईल?"

"मग काय करायचं ते बोल. हसून झालं असेल तर."

तो उकिडवा बसला. आता तो खरंच विचार करत होता. "वाट पाहिजे, पण अवघड पाहिजे. साचलेली वीज हळूहळू झिरपून जाईल, आणि आवाजाला मात्र तिकडे जाणं परवडणार नाही. रेझिस्टर म्हणून एक छोटासा तुकडा मिळतो, मुगाच्या शेंगेएवढा. मोठ्यातला मोठा लागेल. माझ्या तोझरच्या दुकानात आहे. पुढच्या गुरुवारी आणतो."

"उद्या शुक्रवार आहे."

"शुक्रवार मी बदलू शकत नाही."

"अवघड वाट," मावशी स्वतःशीच म्हणाली. "लोखंडाची सोपी. वाळूची बंद. मधली पाहिजे." मग ती ताडकन उठली. आतून हातभर लांबीचा, दुहेरी पिळाचा लोकरीचा धागा घेऊन आली आणि मिठाच्या पाण्यात बुडवला.

"दोन मिनिटांत वाळेल," तिजानी म्हणाला.

"आपल्या मिठागराचं मीठ आहे हे. त्यात भिजवलेली लोकर मी आठवडाभर दोरीवर टाकलीय, पुरती वाळत नाही, हाताला ओलसरच लागते. आणि खालचं टोक या वाडग्यात बुडवून ठेवते, पाणी आपोआप वर चढेल. लोकर पाणी पिते. तुला नाही माहीत, हे लोकरीचं काम आहे."

तिजानीनं निमूटपणे पिशवीतून काट्याचं मीटर काढलं. एक टोक धाग्याच्या वर लावलं, एक खाली. काटा जागचा हलला, थरथरला, कडेपासून थोडासाच सरकून थांबला. मग फडकं तोंडावरून खाली ओढून म्हणाला, "बाई, वाट आहे, पण अवघड. हाच तो रेझिस्टर."

"मुगाच्या शेंगेएवढा नाही," मावशी म्हणाली. "पण माझ्याकडे आज आहे."

तारेला धागा, धाग्याचं टोक वाडग्यात, आणि वाडग्यातून एक तार मेखेला, अशी बांधणी झाली. रेडिओ लावला. पॅरिसवरून कोणीतरी गव्हाच्या भावाबद्दल बोलत होतं. इतकं कंटाळवाणं बोलणं इतक्या आनंदानं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

शुक्रवारी शहीलीनं कहर केला. दुपारी बाजार बंद, मोटारगाड्या बंद. तिजानी रात्री खमीसकडेच राहिला होता. बस नव्हती म्हणे. बस सकाळी गेली होती, हे मावशीनं त्याच्या तोंडावर सांगितलं. "धागा बघायला थांबलास ना? मग तसं सांग की. लाज कसली?"

चार वाजल्यापासून बायका यायला लागल्या. शेजारची ऊनीसा आपल्या दोन सुनांना घेऊन आली, कारण तिचाही भाऊ त्याच खाणीत होता. साडेचारला खमीस आला. त्याच्या दुकानातला रेडिओ सकाळीच जळला होता. त्याच्यामागून दहा-बारा गिऱ्हाइकंही आली. मावशीनं सगळ्यांना दारातच अडवलं.

"आधी वाळू झटका. माझ्या घरात वाळू आणली तर तिचा बुरनूस विणायला लावीन."

पुरुष अंगणातल्या आडोशाला उभे राहिले, बायका आत. चहाची किटली एकीकडून दुसरीकडे फिरत होती. तिजानी वाडग्यापाशी ठाण मांडून बसला होता. पाणी जरा कमी झालं की ओंजळीनं घालत होता. कोणाचा पाय जवळ आला की ओरडत होता, "लांब! लांब व्हा! यंत्र आहे हे!"

पाच वाजले. वाऱ्याची घरघर रेडिओत होतीच, ती काही गेली नाही. पण ते फटके नव्हते, आणि घरघरीच्या वर माणसाचा आवाज स्वच्छ होता. एक निरोप झाला गाबेसच्या कोणाचा, एक केरवानच्या कोणाचा. ऊनीसाच्या भावानं आपल्या गाढवाची चौकशी केली. आणि मग, "नेफ्ताच्या हद्दा बिन्त अलीसाठी, तिच्या मुलाकडून."

मावशीनं माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी वळ होते.

"आई," लमीन म्हणाला. तो घाबरला होता, आम्हाला सगळ्यांना कळलं. "आई, मी बरा आहे. इथे थंडी आहे. बुरनूस रोज घालतो. सालहा बरी आहे. आई, जुळ्या झाल्या. दोन मुली. एकीचं नाव हद्दा ठेवलंय. आणि दुसरीचं..."

पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. जुळ्या म्हटल्याबरोबर ऊनीसानं जीभ हलवून लूलूलू असा आनंदाचा घोष सुरू केला, तिच्या सुनांनी तो उचलला, मग सगळ्याच बायकांनी. अंगणातून पुरुष ओरडायला लागले, "काय झालं? काय झालं?" खमीसनं वाडग्यावरून उडी मारली. गलका थांबेपर्यंत रेडिओवर बिझर्तचा कोणीतरी आपल्या मामाला सलाम सांगत होता.

तिजानी दारात उभा होता. हात अजून ओलेच होते. "या रब्बी," तो म्हणाला, "वाऱ्याला गप्प केलं, वाळूला गप्प केलं. बायकांना कुठल्या धाग्यानं गप्प करायचं?"

मावशी हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदमच. "दुसरीचं नाव काय म्हणाला? कोणी ऐकलं का?"

झालं! ऊनीसा शपथेवर म्हणाली, त्यानं 'ऊनीसा' म्हटलं. खमीसच्या मते त्याच्या आईचं नाव होतं. तिजानी गंभीर चेहरा करून म्हणाला, 'तिजानिया' असं काहीसं होतं, पण त्याचा आग्रह नाही. त्या संध्याकाळपासून दहा दिवस नेफ्तात दुसरा विषय नव्हता. भाजी घेताना, पाणी भरताना, मशिदीतून बाहेर पडताना लोक त्या पोरीच्या नावावरून भांडत होते.

अकराव्या दिवशी पत्र आलं. मी फोडलं तेव्हा अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. लमीननं लिहिलं होतं, 'रेडिओवर म्हटल्याप्रमाणे, दुसरीचं नाव तू ठेव. आम्ही थांबलोय.'

अंगणात असा हशा पिकला की रांजणावरची चिमणी उडाली. मावशी मात्र विचारात पडली. ऊनीसा तिच्याकडे आशेनं बघत होती.

"नसीमा," मावशी म्हणाली शेवटी. झुळूक. "शहीली खूप झाली. घरात आता एक झुळूक पाहिजे."

तिजानीनं पुढच्या गुरुवारी खरोखरच रेझिस्टर आणला, पिशवीभर. शिवाय मोटारगाड्यांचे जुने स्पार्क प्लगही. तार आणि मेख यांच्यामध्ये रेझिस्टर जोडायचा, म्हणजे साचणारी वीज झिरपत राहते. त्याच्या शेजारी प्लग, म्हणजे कधी एकदम मोठा लोंढा आला तर तो प्लगच्या फटीतून उडी मारून जमिनीत जातो, सेटकडे वळत नाही. हे त्यानं मावशीला समजावलं, आणि मावशीनं ते अख्ख्या गावाला समजावलं. खमीसच्या दुकानात, शाळेत, टपालकचेरीच्या मागच्या घरात, गच्च्यागच्च्यांवर ती चढली. मेख कुठे ठोकायची हे तीच ठरवायची. ओल हुंगून काढायची म्हणा ना. तिजानी खालून ओरडायचा, "सांभाळून, हद्दाबाई!" आणि ती वरून, "तू प्लग सांभाळ!" ढगातली खरी वीज दिसली तर मात्र तार काढून बाहेर फेकायची, तिथे शहाणपणा नको, हे दोघंही प्रत्येकाला बजावून सांगत.

त्या उन्हाळ्यात मावशीनं मला पॅरिसच्या केंद्राला पत्र लिहायला बसवलं. आभार मानायचे होते, पण तिनं सगळी हकिगतच सांगितली, धागा, मीठ, वाडगा, पुदिना. सप्टेंबरमधल्या एका शुक्रवारी त्यांनी ते पत्र अख्खं वाचलं. लमीन तेव्हा सुट्टीवर आला होता. एका हातावर हद्दा, एका हातावर नसीमा घेऊन तो आईकडे तोंड उघडं टाकून बघत राहिला. मावशीनं चेहरा असा ठेवला होता की जणू पॅरिसवाले दर आठवड्याला तिचीच पत्रं वाचतात.

आणि मग टपाल सुरू झालं. लिबियातल्या तेलाच्या तळावरून एका आचाऱ्यानं विचारलं, मीठ किती? बसऱ्याच्या एका शिंप्यानं विचारलं, सुती दोरा चालेल का? सुदानमधून एकानं विचारलं, लोकर मेंढीची की उंटाची? मी रोज शाळेतून आले की मावशी तयार असायची. ती सांगायची, मी लिहायचे. प्रत्येकाला उत्तर गेलं. "त्याचाही कोणी मुलगा कुठेतरी असेल," म्हणायची.

मला सगळ्यात आवडलेलं पत्र मॉरिटानियातल्या एका मास्तरांचं. त्यांनी अतिशय अदबीनं लिहिलं होतं, 'बाईसाहेब, आमच्या गावात झाड नाही, बाग नाही, पुदिना नाही. जिकडे बघावं तिकडे कोरडी वाळू. मेख कुठे ठोकावी?'

मावशीनं फण्या खाली ठेवल्या.

"लिही," ती म्हणाली. "मास्तर, सलाम. जिथे तुम्ही नमाजाआधी रोज हात-पाय धुता, तिथे ठोका. आणि रोज धूत नसाल, तर रेडिओचं नंतर बघू, आधी ते सुरू करा."

मी म्हटलं, "मावशी, असं कसं लिहू? मोठा माणूस दिसतोय."

"लिही म्हणते ना."

मी लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. आत फक्त एक ओळ होती, आणि ती वाचताना मला दोनदा थांबावं लागलं, इतकं हसू येत होतं. 'बाईसाहेब, दोन्ही सुरू केलं. आता पॅरिसही लागतं, आणि माझी बायको तुम्हाला दुवा देते.'